कर्जत-खोपोली गाडीतली क्रियापदे

आम्ही दोघी मराठी शिकवतो. राहतो कर्जतला, नोकरी खालापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात, आणि मधले अंतर खोपोलीच्या गाडीचे. चाळिशी दोघींनीही ओलांडली आहे. या वयात, तृतीय वर्षाच्या वर्गाला मराठी व्याकरणाचा पेपर शिकवत असताना, आम्ही गाडीत बसून इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्सचा सराव करू लागलो, हे मराठीच्या अभ्यासकांपुढे सांगताना थोडा संकोच वाटतो. मराठीवाल्यांनी इंग्रजीचे वेड घ्यावे, याला आपल्याकडे दोनच अर्थ असतात : एक तर न्यूनगंड, नाहीतर नोकरीची चिंता. आमच्या बाबतीत कारण तिसरेच होते आणि ते सात वर्षांचे होते.

आमच्यापैकी एकीची धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीचा सातवा वाढदिवस आम्ही रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोनच्या पडद्यावर पाहत होतो. केक आला, मेणबत्त्या लागल्या, आणि मावशीने उत्साहाने सांगितले, ‘नाऊ एक्स्टिंग्विश द कँडल्स!’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग भाची खदखदून हसली. तिला तो शब्द ठाऊक होता, पण तिच्या शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या, आग विझवण्याच्या लाल नळकांड्यावरचा. ‘शी मीन्स ब्लो देम आउट,’ असे तिच्या आईने सांगितले, मेणबत्त्या विझल्या आणि कार्यक्रम पुढे सरकला. पुढच्या आठवड्यात पावसामुळे तिची सहल लांबली. मावशीने विचारले, ‘व्हाय वॉज इट पोस्टपोन्ड?’ पुन्हा तीच शांतता, पुन्हा आईकडे वळलेली तीच नजर, आणि पुन्हा दुभाषी झालेली बहीण : ‘पुट ऑफ, बेटा. पुट ऑफ.’

त्या रात्री एकीने दुसरीला फोन केला. ‘अगं, माझं इंग्रजी मुलांना कळतच नाही. ते फक्त परीक्षकांना कळतं.’

हे वाक्य आम्ही विनोद म्हणून सोडून देऊ शकलो असतो. पण ते खरे होते. आम्ही मराठी माध्यमातल्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. घरात आजोबांच्या काळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, शाळेत शब्दार्थांची वही होती. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे, टॉलरेट म्हणजे सहन करणे, एक्स्टिंग्विश म्हणजे विझवणे : एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द, मध्ये एक रेघ. ही वही आम्हांला पदवीपर्यंत पुरली. संदर्भग्रंथ वाचायला, टिपणे काढायला, परिसंवादात निबंध वाचायलाही पुरली. मात्र पुट, गेट, टेक, लुक या छोट्या क्रियापदांसमोर त्या वहीत प्रत्येकी एकेकच अर्थ होता. आणि इंग्रजी बोलणारी माणसे दिवसभर जगतात ती याच क्रियापदांना ऑफ, अप, आउट, ओव्हर अशी शेपटे लावून. पुट म्हणजे ठेवणे. पण पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट डाउन म्हणजे पाणउतारा करणे, पुट बाय म्हणजे चार पैसे बाजूला टाकणे, आणि पुट अप विथ म्हणजे निमूटपणे सोसणे. ‘ठेवणे’ यात कुठे आहे, ते शोधूनही सापडत नाही.

ही अडचण आमच्या एकटीदुकटीची नाही, हे नंतर वाचनात आले. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सनने 1755 सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत याच रचनेकडे बोट दाखवून, परकीयांना आपल्या भाषेत सर्वांत जास्त त्रास होतो तो हिचा, असे म्हणून ठेवले आहे. रचना इतकी जुनी. पण तिचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र विसाव्या शतकातले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 च्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. आम्ही आपसात त्यांना ‘शेपटीची क्रियापदे’ म्हणू लागलो. हे नाव कोणत्याही परिभाषाकोशात जाणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

सरावाचा नियम साधा ठरवला. यादी पाठ करायची नाही. दिवसात जे घडले तेच शेपटीच्या क्रियापदांनी सांगायचे, आणि तेही कर्जतहून गाडी सुटल्यापासून खोपोली येईपर्यंत. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली : वेळ थोडा, म्हणून शिस्त बरी. पहिल्या दिवसाचा संवाद असा झाला.

‘अगं, पेपर तपासायचं काम मी काल पुट ऑफ केलं.’

‘केलं नाही. पूर्ण इंग्रजीत सांग.’

‘आय पुट ऑफ इट.’

‘पुट इट ऑफ. इट मध्ये येतं म्हणे.’

‘का?’

‘का ते ठाऊक नाही. पण लुक आफ्टरमध्ये येत नाही. लुक हर आफ्टर म्हटलंस तर चुकतं.’

‘म्हणजे एकाचं शेपूट तोडता येतं, दुसऱ्याचं येत नाही?’

‘तसंच काहीसं.’

समोरच्या बाकावरचा कारखान्यातला एक कामगार आमच्याकडे बघत होता. त्याने डबा उघडला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. आम्हीही आवाज खाली आणला. नववीतल्या मुलींना नवा शब्द वापरताना जसे होते तसे आम्हांला होत होते, आणि आमच्या पिशव्यांत तर पंचेचाळीस उत्तरपत्रिका होत्या, ज्यांत दुसऱ्यांच्या चुकांना आम्ही तांबडी शाई लावणार होतो.

आठवडे गेले. ‘द रेन हॅज लेट अप’ हे पळसदरीला खरोखरच पाऊस ओसरला तेव्हा तोंडातून आले. गाडी चुकली त्या दिवशी ‘वुई रॅन आउट ऑफ टाइम’ हे फलाटावर उभे राहून म्हटले. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीची वाट पाहण्याला चांगलाच वेळ असतो, आणि त्या वेळात ‘हँग अराउंड’ आणि ‘वेट फॉर’ दोन्ही पक्के होतात. आमच्या लक्षात आले की जे शब्द प्रसंगाला चिकटून आले ते राहिले. जे वहीतून आले ते खोपोली येईपर्यंत गळून गेले.

अशाच एका प्रतीक्षेत, कर्जतच्या फलाटावर, आम्हांला आमचाच पेपर आठवला. पुण्याकडे जाणारी गाडी समोर उभी होती. लोक वड्यासाठी दारांशी वाकत होते, आणि गाडीच्या शेवटच्या डब्यामागे घाट चढवणारी जादा इंजिने जोडली जात होती. 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. चढ असा की आजही बऱ्याच गाड्यांना इथे मागून ढकलणारी इंजिने लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. गाडी तीच, डबे तेच, पुढचे इंजिनही तेच. पण मागचा हा जोर नसेल तर लोणावळा दिसणार नाही. आमच्यापैकी एक म्हणाली, ‘हे तर आपलं संयुक्त क्रियापद!’

गेली पंधरा वर्षे आम्ही ते फळ्यावर मांडत आलो आहोत. मो. के. दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शालेय पुस्तकांपर्यंत त्याची चर्चा आहे : धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध झाला तर ते संयुक्त क्रियापद. ‘तो जेवून बसला’ यात जेवणे आणि बसणे ही दोन कामे असू शकतात. पण ‘तो पाकीट हरवून बसला’ यात कुणी कुठे बसलेले नसते. तिथे बसण्याचे काम हळहळ दाखवण्याचे. व्याख्या, दोन उदाहरणे, पाच गुण. आम्ही ते इतक्या वेळा शिकवले होते की त्याकडे पाहणेच थांबले होते. इंग्रजीच्या शेपटांनी हैराण झाल्यावर ते पुन्हा दिसू लागले.

मग परतीच्या प्रवासात खेळ उलटा सुरू झाला. ईट अप म्हणजे खाऊन टाक. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाक. ट्राय आउट म्हणजे करून पाहा. इथवर जुळले. पण ‘सांगून ठेवते’ याला काय? आत्ता सांगते आहे, उपयोग पुढे कधीतरी होईल, तेव्हा मला बोल लावू नकोस, एवढे सगळे त्या ‘ठेवते’मध्ये आहे. ‘पत्र वाचून दिले’ आणि ‘पत्र वाचून घेतले’ यांतला फरक इंग्रजीत कोणते शेपूट दाखवील? दिले म्हटले की समोर वाचता न येणारे कुणीतरी बसलेले दिसते. घेतले म्हटले की वाचणारा एकटा असतो.

ढोबळमानाने आम्हांला असे वाटले की इंग्रजीची शेपटे मुळात जागेची आणि दिशेची आहेत : वर, खाली, आत, बाहेर, पलीकडे. क्रिया कुठे गेली, किती पुरी झाली, हे ती सांगतात. आमची शेपटे हातांची आणि देहाची आहेत : टाकणे, देणे, घेणे, ठेवणे, बसणे, राहणे, जाणे. क्रिया कुणासाठी झाली, कोणत्या मनाने झाली, हे ती सांगतात. नियम म्हणून हे टिकणार नाही. दोन्हीकडे अपवाद ढिगाने मिळतील. शिवाय हे वैभव एकट्या मराठीचेही नाही. हिंदीत, बंगालीत, तमिळमध्येही अशी क्रियापदे आहेत, आणि कॉलिन मसिका यांनी 1976 साली दक्षिण आशिया हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडताना ज्या खुणा विचारात घेतल्या त्यांत हीही होती. तरीही, इतके दिवस जे आम्ही पाच गुणांसाठी शिकवत होतो, त्यात माणसे राहतात, हे आम्हांला इंग्रजीच्या आडवाटेने कळले.

त्याच सुमारास भाचीने एक प्रश्न विचारला. तिची आई रोज सकाळी तिला मराठीत सांगते, ‘दूध पिऊन टाक.’ टाक म्हणजे थ्रो हे तिला ठाऊक आहे. कचरा टाक, चेंडू टाक. तेव्हा दूध प्यायचे की फेकायचे? कितीतरी दिवस तिची समजूत अशी होती की थोडे प्यायचे आणि उरलेले मोरीत ओतायचे, आणि ती ते करतही होती. मावशी हसली नाही. एक्स्टिंग्विश आठवून तिने नीट समजावले : ‘टाक इथे थ्रो नाही. टाक म्हणजे, गेट इट ओव्हर विथ.’ पलीकडून उत्तर आले, ‘ओह! लाइक फिनिश अप!’ दोन्ही बाजूंना चढ सारखाच होता, हे त्या दिवशी आम्हांला समजले. ती त्या बाजूने चढत होती, आम्ही या बाजूने.

इथे हा लेख संपवता आला असता, आणि आमची प्रतिमाही बरी राहिली असती. पण गाडीत आणखी एक गोष्ट घडली.

केळवली सुटल्यावर आम्ही फॉर्मविषयी काहीतरी बोलत होतो, ‘फिल अप द फॉर्म’ वगैरे. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, फॉरेनचे गेस्ट फिल अप नाही म्हणत. फिल इन म्हणतात, नाहीतर फिल आउट.’ वळून पाहिले तर आमचा जुना विद्यार्थी. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला मुलगा, मराठी घेऊन बी. ए. झालेला, आता एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात काम करतो.

‘इन आणि आउट दोन्ही?’

‘हो मॅडम. दोन्ही एकच.’

‘तू कुठे शिकलास हे?’

‘शिकलो नाही. ऐकून ऐकून. चुकलं की गेस्ट हसतात, मग मी पण हसतो. भागून जातं.’

चेक इन, चेक आउट, ड्रॉप ऑफ, पिक अप, रन आउट, वॉर्म अप द फूड : त्याने आम्हांला लौजीपर्यंत दहाबारा शेपटे सहज ऐकवली. उच्चार त्याच्या वाडीचे होते आणि जागा अचूक होत्या. आम्ही वर्षभर चोरून जे करत होतो ते तो सहा महिन्यांत उघड्यावर करून मोकळा झाला होता. कारण उघड होते. त्याच्या इंग्रजीला कुणी तांबडी शाई लावली नव्हती.

त्याच्या मराठीला लावली होती, आणि ती आम्ही.

तो दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील जूनमध्ये वारले. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्याने एक लेख दिला होता. संपादन आमच्याकडे होते. मूळ हस्तलिखित आता नाही. पण त्यातली तीन वाक्ये आम्हां दोघींनाही आठवतात, बहुधा ती खोडताना थोडे थांबलो होतो म्हणून. त्याने लिहिले होते : ‘दहावा झाला. रडून घेतलं. मग लावणीला गेलो.’ ग्रंथालयातून आम्ही तो अंक काढून पाहिला. छापले आहे ते असे : ‘दशक्रियाविधी संपन्न झाल्यावर मला अश्रू अनावर झाले. तदनंतर मी शेतीच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले.’

चूक एकही नाही. शुद्धलेखन निर्दोष आहे. अंकाला त्या वर्षी शाबासकीही मिळाली होती. पण अश्रू अनावर होणे म्हणजे रडणे माणसाच्या हाताबाहेर जाणे. आणि त्या मुलाने लिहिले होते ते नेमके उलट. त्याने रडणे हातात घेतले होते. भात वाफ्यात थांबत नाही, पाऊस दहाव्याची वाट पाहत नाही, म्हणून त्याने स्वतःसाठी थोडा वेळ काढून, कुणाला न दाखवता, रडून घेतले आणि चिखलात उतरला. ‘घेतलं’ या एका क्रियापदात हे सगळे होते. आम्ही दोघींनी, संयुक्त क्रियापदावर पंधरा वर्षे व्याख्याने देऊन, ते कापून टाकले आणि त्या जागी एक एक्स्टिंग्विश बसवले.

‘गेट ओव्हर’ शिकताना आम्ही त्याला मराठी प्रतिशब्द शोधत होतो. दुःखातून सावरणे, असे काहीसे सुचले होते. ‘रडून घेणे’ सुचले नाही.

इंग्रजीत हा दुपदरीपणा का आला याचे कारण इतिहासात आहे. 1066 नंतर राजदरबारात फ्रेंच बसली, विद्येत लॅटिन होतीच. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश हे लॅटिन कुळातले शब्द भारदस्त ठरले, आणि पुट, गेट, टेक घराघरांत राहिले. आपल्याकडे तत्सम आणि तद्भव शब्दांचे नाते काही वेगळे नाही. भारदस्त शब्दांवर आमचा राग नाही. हा लेखही त्यांच्याच आधाराने चालला आहे. विचाराला ते लागतात. पण आपली शाळा एका पायरीला भाषा म्हणते आणि दुसरीला चूक. पाचवीतल्या वहीने आम्हांला इंग्रजीची वरची पायरी दिली आणि खालची दिलीच नाही. म्हणून एका लहान मुलीशी बोलताना आम्ही अधांतरी राहिलो. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना मराठीची वरची पायरी देतो, आणि खालची, जी ते घरून घेऊन येतात, ती काढून घेतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा महाविद्यालयात आमचीही भाषणे झाली. आम्ही मराठीच्या प्राचीनतेविषयी बोललो. ‘रडून घेतलं’ या रूपाविषयी कुणी बोलले नाही.

पुढच्या भेटीत आम्ही त्याला हे सांगितले. खोपोलीला उतरताना, गर्दीत. ‘तुझ्या त्या लेखातली वाक्यं आम्ही बदलली होती. बदलायला नको होती.’

त्याला आधी काही आठवेना. मग म्हणाला, ‘मी काय लिहिलं होतं?’

आम्ही सांगितले.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘असंच लिहिलं असेल, मॅडम. असंच झालं होतं.’ आणि त्याच्या रिसॉर्टची गाडी आली म्हणून तो गेला.

आमचा सराव अजून चालू आहे. भाची आता कधी कधी फोनवर मराठीत सांगते, ‘मावशी, होमवर्क करून टाकला.’ उच्चार तिकडचा असतो, ‘टाकला’ अचूक असतो. आम्हीही तिला ‘हँग ऑन’ म्हणतो आणि ती थांबते; आईकडे पाहत नाही. यंदाच्या वार्षिक अंकाचे लेख येऊ लागले आहेत. तांबडे पेन अजून आमच्याच पिशवीत आहे, आणि शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. त्या दुरुस्त कराव्या लागतील. मात्र क्रियापदाशी आलो की एक जण वाक्य मोठ्याने वाचते आणि दुसरी विचारते, ‘कुणासाठी केलं म्हणतोय तो?’ उत्तर मिळेपर्यंत पेन उघडायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले आहे.